मांजरा लागला

आमच्या भागात एखाद्या मुलीनं भूशास्त्र घेतलं म्हटलं की लोकांना एकच प्रश्न सुचतो: मग पुन्हा भूकंप कधी? मी लातूर जिल्ह्यातल्या मुरुडची. किल्लारी आमच्यापासून फार लांब नाही आणि ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांच्या मनातून ती जात नाही, हे मला कळतं. पण लग्नाच्या पंगतीत, एसटीत, किराणा दुकानात, सगळीकडे तेच. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे की भूकंपाची तारीख कुणालाच सांगता येत नाही. नंतर कंटाळून 'येत्या मंगळवारी, दुपारची जेवणं झाली की' असं ठोकून द्यायला लागले. आमच्या एका मामांनी ते खरं धरलं आणि मंगळवारी सकाळीच खाट, घागर आणि टीव्ही अंगणात आणून ठेवला. तेव्हापासून मी ती चेष्टा बंद केली.

खरं तर माझा भूकंपाशी काही संबंध नव्हता. माझा विषय विहिरी. नांदेडला विद्यापीठात मी पीएच.डी. करत होते, आणि मांजरा नदीच्या काठच्या गावांमध्ये जमिनीखाली खडकाचे कोणते थर आहेत, त्यांतल्या कुठल्या थरात पाणी सापडतं, हे मला शोधायचं होतं. आपल्याकडचा खडक म्हणजे लाव्ह्याचे थर, भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक. वरून सगळं एकसारखं काळं दिसतं, पण प्रत्येक थर वेगळा असतो. ते पाहायचे तर विहिरीत उतरायला हवं, आणि माझ्या बहुतेक विहिरी एकतर दगडानं बांधून काढलेल्या किंवा पाण्यानं भरलेल्या. म्हणून मी मालकांनाच विचारायचे, खणताना किती फुटांवर काय लागलं? ते सांगतील ते वहीत लिहून घ्यायचे. कामाची हीच पद्धत असते आणि तिच्यात चूक काही नाही. चूक माझ्यात होती.

ती कशी झाली हे सांगायचं तर आधी दोन गोष्टी सांगायला हव्यात, आणि दोन्ही सांगताना मला अजून लाज वाटते.

पहिली म्हणजे माझी माय विहिरींवरच राबलेली. आमच्या वस्तीतल्या आठ-दहा जणांची टोळी होती. पुरुष दगडाला भोकं पाडून सुरुंग लावायचे, बायका फुटलेला दगड टोपल्यांत भरून डोक्यावरून वर आणायच्या. माझे वडीलही त्याच टोळीत होते. मी बारावीला असताना ते आजारपणात गेले. मायनं मात्र मला कधी विहिरीच्या काठावरही उभं राहू दिलं नाही. पाचवीपासून मला लातूरला वसतिगृहात ठेवलं. 'तू पुस्तकं उचल, टोपली मी उचलते,' एवढंच तिचं म्हणणं. त्यामुळे झालं असं की मी खडकांवर पीएच.डी. करायला निघाले आणि घरात वीस वर्षं खडक डोक्यावर वाहिलेली बाई होती, तिला एकदाही काही विचारलं नाही. तिला काय ठाऊक असणार, असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे, तसा विचारसुद्धा मनात आला नाही, आणि ते जास्त वाईट.

दुसरी गोष्ट पुण्याची. नांदेडला बी.एस्सी.ला असताना उन्हाळ्यात महिनाभराच्या प्रशिक्षणाला तिकडे गेले होते. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यांनी गावच्या पाण्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, 'आमच्याकडं पाणी लई खोल हाय.' वर्ग हसला. कुणी वाईट हेतूनं हसलं असेल असं नाही, पण हसला. त्या महिन्यात मी 'हाय' सोडलं, 'न्हाई' सोडलं, 'लई' सोडलं, आणि नांदेडला परतले ती रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलत. पुढे पुढे मला इतरांचं गावरान बोलणं दुरुस्त करायचीही खोड लागली. नांदेडला शिकणारी माझी एक विदर्भातली मैत्रीण 'मी स्वयंपाक करून राहिले' म्हणाली की मी लगेच 'करते आहे' म्हणायचे. तिनं माझ्याशी बोलणं कसं सोडलं नाही, देव जाणे.

तर, गावोगावचे शेतकरी मला सांगत होते, 'तीस-पस्तीस फुटाला मांजरा लागला बगा. मग पाणी.' एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, नदीपासून चांगल्या लांबच्या गावातल्या तिसऱ्यानंही तेच सांगितलं. मांजरा म्हणजे आमची नदी. तीस फुटांवर, जमिनीखाली नदी! माझ्या अंगावर काटा आला. नदी फार पूर्वी दुसरीकडून वाहत असणार, तिचं जुनं पात्र गाळाखाली पुरलं गेलं असणार आणि या विहिरींना त्या पुरलेल्या पात्राचं पाणी लागत असणार. पुस्तकांत अशा नद्या वाचल्या होत्या. दोन विहिरींपाशी मला गोल गोटेही दिसले. त्या दोन्ही विहिरी नदीच्या अगदी काठाला होत्या, तिथे गोटे नाही तर काय दिसणार, हे तेव्हा सुचलं नाही.

आणि एक बारीकशी गोष्ट मी रोज करत होते. नदी ही बाई. मांजरा आली, मांजरा आटली, असंच आमच्याकडे लहान पोरही म्हणतं. पण हे सगळे मला 'मांजरा लागला' म्हणत होते. मला वाटलं, खेड्यातली माणसं, लिंगाची गडबड करतात. मग मी वहीत उतरवून घेताना प्रत्येक ठिकाणी दुरुस्त केलं. 'मांजरा लागली.' पंधरा गावं, प्रत्येक पानावर, सुवाच्य अक्षरात, 'लागली'.

माझे मार्गदर्शक सर कोल्हापूरकडचे. मन लावून काम करणारा, तोंडानं फटकळ आणि आतून मऊ माणूस. त्यांच्यापुढे वही कधी गेलीच नाही. गेले ते संगणकावर छापलेले तक्ते, आणि त्यांत मी इंग्रजीत 'मांजरा नदीचं पुरलेलं पात्र' असं लिहून टाकलं होतं. सर तक्ता पाहून खुर्चीतून उठले. 'पुरलेली नदी! अहो, तुम्ही काय शोधलंय कळतंय का तुम्हाला?' त्यांनी एका चर्चासत्रात ते सांगितलं, आम्हा दोघांच्या नावानं शोधनिबंध तयार झाला, तो एका नियतकालिकानं स्वीकारलाही. प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले होते आणि त्याच सुमारास लातूरच्या एका महाविद्यालयात भूशास्त्राच्या अध्यापकाची जागा निघाली होती. आमच्या विषयाच्या जागा निघतात कधी! एक निघाली की मराठवाड्यातले सगळे भूशास्त्रवाले एकाच जिन्यावर भेटतात. मी अर्ज भरला. प्रबंध, शोधनिबंध आणि ती जागा, तिन्ही एकाच नदीवर उभे होते.

शेवटचे तक्ते तपासायला मी चार दिवस मुरुडला गेले. दुपारी ओसरीवर बसून वहीतली ओळ मोठ्यानं वाचायची आणि तक्त्यात बोट ठेवून जुळवायची, असं चाललं होतं. माय शेजारी शेंगा सोलत होती. गुडघे गेल्यापासून ती बसूनच सगळी कामं करते.

'काय वाचूलालीस गं मघापासून?' ती म्हणाली. 'लागली, लागली. कोन कुनाला लागली?'

'मांजरा लागली. विहिरीत.'

'लागली कशी? लागला म्हन की.'

मी वैतागले. आधीच डोकं उठलं होतं. 'माय, मांजरा नदी आहे. नदी लागली असंच म्हणतात. तुला काय कळतंय त्यातलं?'

हे मी बोलले. जसं बोलले तसंच लिहिते आहे, कमी करत नाही.

ती रागावली नाही. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि हसली. 'इद्यापीठात हेच शिकिवतेत व्हय? अगं येडे, हिरीत नदी कुटून येती? मांजरा म्हंजी दगूड. काळ्या फत्तराच्या खाली लागतो, भुसभुशीत, आत पांढरे पांढरे दाने. त्यो लागला की मुकादम म्हनायचा, चला, आता पानी लांब न्हाई.'

मी बोट तक्त्यावर ठेवूनच बसले. पांढरे दाणे. लाव्ह्याच्या थरात वाफेनं पोकळ्या राहतात आणि त्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरून येतात. असा खडक मऊ असतो, लवकर झिजतो, पाणी धरतो. पहिल्या वर्षाचा धडा. त्याला आमच्या विहीरवाल्यांनी 'मांजऱ्या' हे नाव कधीचं देऊन ठेवलं आहे, बोलताना त्याचा 'मांजरा' होतो, आणि हे मला, त्यांच्याच घरातल्या मुलीला, माहीत नव्हतं.

'तू पाहिलास का तो?' मी विचारलं.

'बगायला कुटं टाइम हुता,' माय म्हणाली. 'डोक्यावर वाहिलाय. काळा फत्तर मान मोडितो. गेरू आला की लुगडं लाल. मांजरा हलका. मांजऱ्याच्या दिसी आमी बाया गानी म्हनायचो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर एका विहिरीचं काम चालू होतं, तिथे तिनं मला रिक्षातून नेलं. यारीनं, म्हणजे दगड वर ओढायच्या यंत्रानं, खालून भरलेली बादली वर आणून ढिगावर ओतली. माय काठी टेकत ढिगापाशी गेली, एक ढेकूळ उचलून हातात तोललं आणि माझ्या हातात दिलं. मी ते भिंगातून पाहिलं. पाहायची गरज नव्हती. परत येताना रिक्षात मी रडले, आणि ते प्रबंधासाठी रडत नव्हते. वर्षानुवर्षं ही बाई घरी येऊन हातपाय धुऊन एसटीनं माझ्या वसतिगृहावर पाठवायचा डबा बांधत होती, आणि तिच्या डोक्यावर काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं मला नापास करतील. 'चुकलं तर चुकलं,' ती म्हणाली. 'खोडरबर हाय का न्हाई तुज्याकडं?'

खोडरबरानं भागण्यातलं नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं, हे मी दोन दिवस मनात घोळवलं. खोटं कशाला बोलू. मुलाखत तोंडावर होती. पण वही उघडली की प्रत्येक पानावर माझं ते सुवाच्य 'लागली' दिसायचं. पंधरा गावांच्या माणसांनी खरं सांगितलं होतं आणि मी त्यांचं खरं पुसून माझं लिहिलं होतं.

नांदेडला जाऊन सरांना सांगितलं तेव्हा ते प्रयोगशाळेत चहा पीत होते. ऐकताना त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला, भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

'म्हणजे नदी नाही.'

'नाही सर.'

'आणि मी त्या चर्चासत्रात अर्धा तास नदीवर बोललो.'

'हो सर.'

'एका काना-वेलांटीवरून! ला आणि ली!' ते ओरडले. मग मला बाहेर जायला सांगितलं. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी निरोप पाठवून बोलावलं आणि म्हणाले, 'शोधनिबंध मागे घेतल्याचं पत्र तुम्ही लिहा, सही मी करतो. आणि तुमच्या आईंना विचारा, त्या बाकीच्या विहिरींवर येतील का.'

मुलाखतीला मी गेले. समोर चार जण होते. एकानं कागद चाळत विचारलं, 'शोधनिबंध एक दिसतोय.'

'अर्ज भरला तेव्हा होता. आता मागे घेतलाय.'

'का?'

मी सगळं सांगितलं. ला आणि लीपासून. चौघेही पोट धरून हसले, एकानं डोळे पुसले, चहा मागवला गेला. निवड दुसऱ्याची झाली. त्याचा मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आठवडाभर मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

मग एक वर्ष पुन्हा त्याच गावांत. या वेळी माय बरोबर असायची, जिथे जीप जाईल तिथे. ती बाजेवर बसून शेतकऱ्यांशी बोलायची आणि मी गप्प बसून जसंच्या तसं लिहायचे. माणसं तिच्याशी वेगळंच बोलतात हे मला तेव्हा कळलं. मला ती माणसं 'मॅडम' म्हणून मोजकं सांगायची. मायला मात्र कुठल्या फुटावर कुणाचा पाय मोडला इथपासून सांगायची. अर्थात मायलाही सगळंच ठाऊक होतं असं नाही. मांजरा लागला की पाणी लागणारच, हे ती छातीठोक सांगायची, आणि तीन विहिरी मांजऱ्यात जाऊनही कोरड्या निघाल्या. 'मालकच खोटा बोलूलालाय,' म्हणून ती हटून बसली. मी समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून दाखवली की तो वेगळाच थर आहे, वरचा, पाणी न धरणारा. आमचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, जीपवाला मध्ये पडला. पण प्रबंधाचा खरा प्रश्न त्या भांडणातून निघाला: दोन मांजऱ्यांपैकी कुठला पाणी देतो आणि का? गावोगाव एकच शब्द वापरात होता म्हणून तर तो थर मला मैलोन्‌मैल जोडत नेता आला. पुरलेल्या नदीपेक्षा हे काम कितीतरी चांगलं झालं, हे सरांनीही मान्य केलं, जरी त्यांना ती नदी अजून थोडी आवडते.

खुल्या मौखिकीला, म्हणजे सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेला, माय आली होती, मागच्या रांगेत, पांढऱ्या साडीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला तासभर सोललं. मध्ये मी वळून पाहिलं तर माय शांत झोपली होती. पेढे वाटताना तिनं परीक्षकांना विचारलं, 'चुकली न्हाई न्हवं कुटं?' ते म्हणाले, 'थोडी.' तिला ते उत्तर पटलं.

त्यानंतर चार वर्षं मी नांदेडला तासिका तत्त्वावर शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे तास असेल तेवढीच बाई. सुट्टी लागली की आपण कुणी नाही. घरी सगळे म्हणायचे बी.एड. कर, बँकेची परीक्षा दे. मीही दोनदा अर्ज आणला आणि भरला नाही. कारण एकच, मला शिकवायला आवडतं. दर वर्षी पहिल्या वर्गाला मी कंधारकडे एका उघड्या विहिरीवर नेते. मुलं-मुली आधी शेतकऱ्याशी बोलतात. मग माझ्याकडे येऊन पुस्तकी मराठीत सांगायला लागतात. मी म्हणते, ते काका काय म्हणाले तेच लिहा, त्यांच्याच शब्दात, एक काना मात्रा इकडची तिकडे करायची नाही. ती हसतात, बाईंचं काहीतरी खूळ आहे म्हणून. माझी वही मी त्यांना दाखवते. पहिलं पान, खाडाखोड न करता ठेवलेलं.

त्या चार वर्षांत माय रोज संध्याकाळी फोन करायची. जेवलीस का, असं विचारत नाही ती. 'आज काय लागलं?' असं विचारते. मी कधी म्हणायचे गेरू, कधी काळा फत्तर. काहीच नाही घडलं तर म्हणायचे, मुरूम. तिला बरोबर कळायचं माझा दिवस कसा गेला ते.

गेल्या उन्हाळ्यात नेमणुकीचं पत्र आलं. ज्या महाविद्यालयात तासिकेवर होते तिथंच, कायम. कार्यालयातून पत्र हातात घेतलं आणि व्हरांड्यात येऊन भर दुपारी तिला फोन लावला. शेजारी प्राचार्य उभे होते, इंग्रजीची एक प्राध्यापिका होती, दोन शिपाई होते. नांदेडचं ऊन तापलं होतं.

'माय,' मी म्हणाले, 'लागली.'

'काय लागली?'

'नोकरी. कायमची.'

पलीकडे सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

'माय?'

'परत एकदा सांग.' ती म्हणाली. 'नीट सांग. लागला न्हाई ना?'

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मोठ्यानं म्हणाले, 'न्हाई माय. लागली. लई दिसांनी, पर लागली.'

'हां,' ती म्हणाली. 'मग बरुबर हाय. हितं लागलीच म्हनायचं.'